पांढरा थांबला कुठे?

1997च्या स्नूकरच्या जागतिक स्पर्धेत, इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये, रॉनी ओ'सलिव्हन या खेळाडूने 147 गुणांचा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीत न चुकता सलग मिळवलेले गुण, 5 मिनिटं 8 सेकंदांत पूर्ण केला. 15 रेड, प्रत्येक रेडमागे एक ब्लॅक, शेवटी सहा रंगीत बॉल: एकूण 36 पॉट, म्हणजे 36 वेळा बॉल पॉकेटमध्ये. एकाला नऊ सेकंदही नाहीत, आणि त्यातच टेबलाभोवतीचं चालणं, पंचांनी ब्लॅक परत जागेवर ठेवणं. ही क्लिप मोबाइलवर बघून आपल्या जळगाव-धुळ्याची पोरं स्नूकर पार्लरमध्ये जातात आणि दणादण ठोकायला लागतात. पण ओ'सलिव्हन घाई करतच नाही. काठीने मारायचा आणि बाकीच्यांवर आपटायचा तो पांढरा बॉल पुढच्या फटक्यासाठी आधीच सोयीच्या जागी थांबलेला असतो.

ही सोय किती मोठी, ते मोजता येतं. स्नूकरचा बॉल 52.5 मिलिमीटर व्यासाचा. पांढऱ्यापासून रेड सरळ एक मीटरवर आहे आणि नेम एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने चुकला, असं धरा. रेडपर्यंत पोचताना पांढरा जेमतेम पावणेदोन मिलिमीटर सरकतो. मात्र गोल बॉलवर तेवढ्यानेच टकरीचा बिंदू बदलतो आणि रेड 1.8 अंश वाकडा सुटतो. चूक 18 पट झाली! पॉकेट तिथून दीड मीटरवर असेल, तर रेड सुमारे पावणेपाच सेंटिमीटरांनी हुकतो. पांढरा अर्ध्या मीटरवर असता, तर तीच चूक साडेआठ पटच वाढली असती. कॅरममध्ये स्ट्रायकर दर वेळी आपल्या पट्टीवर परत येतो, म्हणून घरोघरच्या कॅरमवर तयार झालेल्या हाताला ही काळजी ठाऊकच नसते.

आता पांढरा हवा तिथे थांबवायचा कसा? समोरासमोरच्या टकरीच्या क्षणी तो अजिबात फिरत नसेल, नुसता घसरत असेल, तर जवळपास सगळा वेग रेडला देऊन तो जागीच थांबतो. गडगडत आलेला असेल, तर वेग जातो, पण फिरणं उरतं. ते त्याला पुन्हा पुढे ढकलतं आणि शेवटी मूळ वेगाच्या सुमारे दोन सप्तमांश वेग त्याच्याकडे राहतो. मध्याच्या खाली मारला, तर उलटी फिरकी मिळते, पण टेबलावरच्या कापडाचं घर्षण ती वाटेत खात जातं. किती अंतरावर किती खाली मारायचं, हे ओ'सलिव्हनच्या मनगटाला पाठ आहे. 2001 ते 2022 या काळात त्याने सात जागतिक विजेतेपदं घेतली. माझ्या मते त्याहूनही थक्क करणारं म्हणजे, उजवा हात पोचत नसेल तिथे तो सरळ डाव्याने खेळतो.



राहिलं कापड. ते लोकरीचं असतं आणि लोकर हवेतला ओलावा शोषते. ओल्या कापडावर घर्षण वाढतं, बॉल जड चालतो आणि फिरकी लवकर मरते. म्हणून व्यावसायिक स्पर्धांच्या टेबलांना स्लेटच्या पाट्यांखाली हीटर बसवलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरची हवा भाजून काढण्याइतकी कोरडी, पण आत पाण्याचा कूलर टेबलाच्या दिशेने भणाणत असतो. दुपारी बॉल अलीकडेच थांबायला लागला, तर जोर वाढवण्याआधी कूलरचं तोंड फिरवून पाहा.