तेरावी फेरी आणि कधीच न झालेल्या लढती

१९६९ साली मायामीतील एका बंद स्टुडिओत दोन मुष्टियोद्धे काही दिवस लुटुपुटुची लढत करत होते. पहिला होता ४५ वर्षांचा रॉकी मार्सियानो. ४९ व्यावसायिक लढतींपैकी एकही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झालेल्या या माणसाने चित्रीकरणासाठी बरेच वजन उतरवले होते आणि टक्कल झाकायला केसांचा टोप चढवला होता. दुसरा होता २७ वर्षांचा मुहम्मद अली, सैन्यभरतीला नकार दिल्यामुळे ज्याचा खेळण्याचा परवाना काढून घेतला होता. एकेका मिनिटाच्या सुमारे सत्तर फेऱ्या चित्रित झाल्या, शेवटही निरनिराळे घेतले गेले, आणि त्यांपैकी कोणता दाखवायचा हे संगणक ठरवील असे जाहीर झाले. २० जानेवारी १९७० रोजी अमेरिकेतील चित्रपटगृहांत जे दाखवले गेले त्यात तेराव्या फेरीत अली बाद झाला. मार्सियानो तो निकाल पाहायला हयात नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता.

त्या संगणकाला लोकांनी नको इतका मान दिला. त्याच्यात जे भरले होते ते मुख्यतः क्रीडापत्रकारांचे आणि जाणकारांचे अंदाज होते. शिवाय दोन खेळाडूंत ५५ विरुद्ध ४५ टक्के असा फरक असेल, तर एकच लढत ‘खेळवून’ मिळालेला निकाल हा नाणेफेकीच्या जवळपासचाच असतो. हजार वेळा खेळवून कोण किती वेळा जिंकतो हे पाहिले असते, तर निदान ‘दोघांत सरस कोण’ या प्रश्नाला शोभेल असे उत्तर मिळाले असते.

वेगवेगळ्या काळांतल्या हेवीवेट खेळाडूंची तुलना करताना पहिली अडचण शरीराची येते, कारण या गटाला वजनाची वरची मर्यादाच नाही. मार्सियानो सुमारे ८५ किलोचा होता. आजच्या नियमांनुसार ९०.७ किलोपर्यंतचे खेळाडू क्रूझरवेट गटात मोडतात, म्हणजे तो आज हेवीवेट ठरलाच नसता. फेब्रुवारी २०२० मध्ये डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध उतरलेल्या टायसन फ्युरीचे वजन होते सुमारे १२४ किलो. हा ३९ किलोंचा फरक ठोशात नेमका कसा उतरतो, हे मात्र मोजता येते.

ब्रिटिश हेवीवेट फ्रँक ब्रुनो याच्या ठोशाचे मापन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची मूठ सेकंदाला ८.९ मीटर वेगाने लक्ष्यावर आदळली आणि अवघ्या १४ मिलिसेकंदांत बल सुमारे ४,००० न्यूटनपर्यंत चढले. सहा किलोंचा, गादी लावलेला लाकडी हातोडा ताशी ३२ किलोमीटर वेगाने आदळावा, तसा हा आघात. पुढे २००५ मध्ये ऑलिम्पिक दर्जाच्या सात खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की जड गटातील खेळाडूंचा ठोसा अधिक जोरदार असतो तो मुख्यतः मुठीच्या वेगामुळे नव्हे, तर मुठीमागे लागणाऱ्या वस्तुमानामुळे. आघाताच्या क्षणी मनगट, कोपर आणि खांदा जितके घट्ट एकसंध असतात, तितका शरीराचा मोठा भाग मुठीसोबत आदळतो. त्या अभ्यासात हे ‘परिणामी वस्तुमान’ सरासरी २.९ किलो भरले. म्हणजे पूर्ण देहाचा अगदी लहान हिस्साच ठोशात उतरतो, आणि तो हिस्सा वाढवणे हे तंत्राचे काम आहे. मार्सियानोसारखा बुटका, खालून उसळी घेऊन मारणारा खेळाडू आपल्या वजनाच्या मानाने इतका घातक का होता, याचे उत्तर बहुधा येथेच आहे.

ठोसा खाणाऱ्याची बाजूही पाहायला हवी. डोके सरळ मागे ढकलले जाण्यापेक्षा ते गर्रकन फिरणे मेंदूला अधिक घातक असते, हे ए. एच. एस. होलबर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्येच मांडले होते. जाड मान आणि जड डोके या फिरण्याला विरोध करतात, त्यामुळे मोठ्या शरीराचा फायदा मारताना होतो तसाच सोसतानाही होतो. पण हा फायदा अमर्याद नाही. स्नायूचे बल त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर वजन घनफळावर. त्यामुळे ठेवण तीच राहून वजन दुप्पट झाले, तरी बल साधारण १.६ पटच होते, आणि तो जादा भार प्रत्येक फेरीत वाहून न्यावा लागतो. ४ जुलै १९१९ रोजी टोलेडो येथे ८५ किलोंच्या जॅक डेम्प्सीने १११ किलोंच्या जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली पाडले होते. २००९ मध्ये डेव्हिड हेने आपल्याहून सुमारे ४५ किलो जड असलेल्या निकोलाय व्हॅल्युएव्हला गुणांवर हरवले, तर २०२४ मध्ये ओलेक्सांद्र उसिकने फ्युरीला दोनदा. त्यामुळे ‘आजचे राक्षसी खेळाडू जुन्यांना चिरडून टाकतील’ हे ठाम विधान मला घाईचे वाटते. वजन हा मोठा फायदा आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते.

शरीरे बाजूला ठेवून केवळ निकालांवरून तुलना करता येईल का? बुद्धिबळात आर्पाद इलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची पद्धत हेच करते: प्रत्येकाला एक गुणांक दिला जातो, आणि ४०० गुणांची आघाडी असलेल्याला डावामागे सुमारे ०.९१ गुण मिळतील अशी अपेक्षा धरली जाते. मुष्टियुद्धातही काळांना जोडणारी साखळी आहे. मार्सियानोने जो लुईला हरवले, नंतर आर्ची मूरला. मूर अलीशी लढला, अली लॅरी होम्सशी, होम्स माइक टायसन आणि इव्हँडर होलिफिल्ड या दोघांशी, आणि होलिफिल्ड लेनॉक्स लुईसशी. पण साखळीची कडी न् कडी तपासली की दिसते, ती बहुतेक ठिकाणी उतरणीला लागलेल्याला चढणीवरच्याशी जोडते. १९५१ चा लुई ३७ वर्षांचा होता. १९६२ चा मूर अलीच्या दुपटीहून अधिक वयाचा. अशा कड्यांतून गुणांक पुढे नेले, तर प्रत्येक नवी पिढी आपोआप थोडी सरस ठरत जाते.

याहून खोल अडचण शैलीची आहे. जो फ्रेझर आणि केन नॉर्टन या दोघांशी अली प्रत्येकी तीनदा लढला. त्या सहा लढती मिळून ८० फेऱ्या झाल्या आणि दोघांनीही त्याला एकेकदा हरवले. जॉर्ज फोरमनने १९७३ मध्ये फ्रेझरला आणि १९७४ मध्ये नॉर्टनला प्रत्येकी दुसऱ्याच फेरीत संपवले. एकाच गुणांकावर विसंबणारा कोणीही त्याच वर्षी आफ्रिकेतील किन्शासात अलीविरुद्ध फोरमनच जिंकेल असे म्हणाला असता. आठव्या फेरीत बाद झाला तो फोरमन. अ हा ब-ला हरवतो, ब हा क-ला, म्हणून अ हा क-ला हरवेलच असे निसर्गातही नसते: कॅलिफोर्नियातील एका सरड्याच्या जातीत नारिंगी गळ्याचे नर निळ्यांवर मात करतात, निळे पिवळ्यांवर, आणि पिवळे पुन्हा नारिंगींवर. अशा वर्तुळाला एका रेषेत बसवणारा कोणताही आकडा कुठे ना कुठे खोटे बोलणारच.

आणि लढत कोणाच्या नियमांनी व्हायची? डेम्प्सी पडलेल्या विलार्डच्या डोक्याशी उभा राहून तो उठताच पुन्हा मारत होता. आज त्याला तटस्थ, म्हणजे दोघांपैकी कोणाचाही नसलेल्या, कोपऱ्यात जावे लागेल आणि विलार्डला सावरायला वेळ मिळेल. १९८२ मध्ये कोरियाचा किम दुक-कू लढतीतील दुखापतीने मरण पावल्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती टप्प्याटप्प्याने १५ फेऱ्यांवरून १२ वर आणल्या गेल्या. थकवा शेवटच्या फेऱ्यांत सर्वाधिक साचतो, त्यामुळे या तीन फेऱ्या कापणे म्हणजे दमदार पण संथ सुरुवात करणाऱ्या खेळाडूचे मुख्य हत्यारच काढून घेणे. २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात मार्सियानो तेव्हाचा जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट याच्याविरुद्ध तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर मागे होता, आणि त्याने वॉलकॉटला बाद केले ते तेराव्या फेरीत. बारा फेऱ्यांच्या नियमाने त्या रात्री वॉलकॉटच विजेता राहिला असता, मार्सियानोच्या नावापुढे एक पराभव लागला असता, आणि संगणकाने त्याला अलीविरुद्ध दिलेली तेरावी फेरी तर उजाडलीच नसती.