कारखाना निरीक्षक ते नियामक आयोग : व्यवसायांवरील सरकारी नियमनाची पार्श्वभूमी

ब्रिटनमधील गिरण्यांत राबणाऱ्या उमेदवार (शिकाऊ) मुलांच्या संरक्षणासाठी १८०२ मध्ये झालेला कायदा हा कारखानेविषयक कायद्यांच्या परंपरेतील पहिला मानला जातो, आणि तो संसदेत मांडणारे थोरले रॉबर्ट पील हे स्वतःच मोठे गिरणीमालक होते. मुलांचे काम दिवसाला बारा तासांवर आणणारा हा कायदा बव्हंशी कागदावरच राहिला, कारण देखरेखीचे काम स्थानिक न्यायदंडाधिकारी आणि धर्मोपदेशक यांच्यावर सोपवलेले होते, आणि अशा मंडळींकडून आपल्याच परिसरातील मालकावर कारवाई होणे अवघड होते. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामावर घेण्यास मनाई केली, नऊ ते तेरा वयाच्या मुलांचे काम आठवड्याला ४८ तासांपुरते मर्यादित केले आणि पगारी निरीक्षक नेमले. सगळ्या देशासाठी हे निरीक्षक अवघे चार होते. जन्मनोंदणीची सरकारी व्यवस्थाही १८३७ पर्यंत नव्हती, त्यामुळे मुलाचे वय डॉक्टरने त्याच्या अंगलटीवरून ठरवायचे. तरीही नियम, तपासणी, अहवाल आणि दंड ही आजच्या नियमनाची चौकट इथेच उभी राहिली.

या कायद्यांना झालेला विरोधही आजच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. गिरणीचा सगळा निव्वळ नफा दिवसाच्या शेवटच्या तासात पदरात पडतो, त्यामुळे तास कमी केले तर धंदाच बसेल, असा हिशेब अर्थशास्त्रज्ञ नासाऊ सीनियर यांनी १८३७ मध्ये मांडला. पुढे १८४७ मध्ये स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांच्यासाठी दहा तासांचा कायदा झाला आणि धंदा बसला नाही. यावरून कायद्याची किंमत कोणालाच मोजावी लागली नाही असे मात्र ठरत नाही, कारण त्याच काळात यंत्रेही सुधारत होती आणि कोणत्या बदलाचा परिणाम किती, हे वेगळे काढणे कठीण होते. हा गुंता पुढच्या प्रत्येक वादात कायम राहिलेला दिसतो.

नियमनाच्या बाजूने आणि विरोधात अशी दोन्हीकडची साक्ष एकाच संस्थेच्या इतिहासात पाहायची असेल, तर अमेरिकेच्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे पाहावे. रेल्वे कंपन्या लांबच्या पल्ल्यापेक्षा जवळच्या पल्ल्याला जास्त मालभाडे आकारत आणि बड्या ग्राहकांना गुप्त सूट देत, अशी शेतकऱ्यांची व लहान व्यापाऱ्यांची तक्रार होती, आणि जिथे एकच रेल्वेमार्ग होता तिथे ती रास्तच होती. राज्यांनी केलेले उपाय राज्याच्या हद्दीपलीकडे चालणार नाहीत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८८६ मध्ये दिल्यावर, पुढच्याच वर्षी हा आयोग स्थापन झाला. भाडे किती असावे याबद्दल मूळ कायद्यात ते वाजवी असावे एवढेच म्हटले होते. कमाल दर ठरवण्याचा अधिकार आयोगाला १९०६ मध्ये मिळाला. पण १८९२ मध्येच रिचर्ड ओल्नी या रेल्वेच्या वकिलाने एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षांना लिहिले होते की आयोग मोडून काढू नये, तो कंपन्यांच्याच उपयोगी पडेल, कारण लोकांची ओरड त्याने शमते आणि देखरेख जवळपास नावापुरतीच असते. हेच ओल्नी पुढच्या वर्षी देशाचे महान्यायवादी झाले.

त्यांचे भाकीत ज्या रीतीने खरे ठरले, तिचा अंदाज कदाचित त्यांनाही नसावा. १९२० मध्ये आयोगाला किमान दर ठरवण्याचाही अधिकार मिळाला. जास्त भाडे घेऊ नये म्हणून जन्मलेली संस्था आता भाडे फार कमी होऊ नये याचीही काळजी घेऊ लागली. रस्त्यावरील ट्रक स्पर्धेत उतरले तेव्हा रेल्वे कंपन्यांनीच त्यांच्या नियमनाची मागणी केली, आणि १९३५ च्या कायद्याने नव्या ट्रकवाल्याला आपली सेवा लोकांना आवश्यक आहे हे सिद्ध करणे भाग पडले, तेही जुन्या वाहतूकदारांच्या हरकतींना तोंड देऊन. ही बंधने १९८० मध्ये बऱ्याच अंशी उठली आणि १९९५ च्या अखेरीस आयोगच बरखास्त झाला. भारतातील परवाना राजची जातकुळी हीच होती. १९५१ च्या उद्योग कायद्याने नवा कारखाना काढायला आणि जुना वाढवायलाही परवाना लागे, आणि ज्याच्या हाती परवाना आधीच होता त्याला स्पर्धेचे भय उरले नाही. जुलै १९९१ मध्ये हे बंधन मोजके उद्योग वगळता काढून टाकण्यात आले.

नियामक ज्यांच्यावर लक्ष ठेवतो त्यांच्याच कह्यात जातो, हे निरीक्षण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९७१ मध्ये सिद्धान्ताच्या रूपात मांडले. त्याआधीची विचारसरणी अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांची होती: धंद्याचा जो भार तिऱ्हाइतावर पडतो तो सरकारने करांद्वारे धंद्यावरच टाकावा. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये तिला हरकत घेतली, ती अशी की सदोष बाजाराची तुलना निर्दोष सरकारशी करून चालत नाही. विमानवाहतुकीत या टीकेचे फळ लवकर दिसले. कोणी कुठल्या मार्गावर कोणत्या भाड्याने उडायचे हे ठरवणारी अमेरिकी व्यवस्था १९७८ च्या कायद्याने मोडीत निघाली, पण विमानांच्या सुरक्षिततेचे नियम जागच्या जागी राहिले. माझ्या मते सगळ्या वादातला हा सर्वांत उपयुक्त भेद आहे: धंद्यात कोणी यावे आणि काय भाव घ्यावा हे ठरवणारे नियम वेगळे, आणि धंद्याने इतरांना इजा करू नये म्हणून केलेले नियम वेगळे. त्याच अमेरिकेत पहिल्या प्रकारचे नियम मोडले जात असताना, १९७० मध्ये स्थापन झालेल्या पर्यावरण संरक्षण संस्थेमार्फत दुसऱ्या प्रकारचे नियम वाढत होते.

हा भेदही सर्वत्र पुरा पडत नाही, हे औषधांच्या बाबतीत दिसते. १९३७ मध्ये विषारी द्रावक वापरलेल्या एका औषधाने अमेरिकेत शंभरावर माणसे दगावली, तेव्हा ते जप्त करायला कायद्यात आधार सापडला तो एवढाच की बाटलीवरचे नाव दिशाभूल करणारे होते. त्यातून विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा मागणारा १९३८ चा कायदा आला. गर्भवती स्त्रियांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने युरोपात हजारो मुलांना जन्मजात व्यंग आणले, आणि अमेरिकेत औषध प्रशासनातील अधिकारी फ्रान्सिस केल्सी यांनी त्याची परवानगी रोखून धरली होती. या प्रकरणानंतर १९६२ मध्ये गुणकारितेचाही पुरावा सक्तीचा झाला. पण त्यानंतर बाजारात येणाऱ्या नव्या औषधांची संख्या बरीच घटली, असे अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७३ मध्ये दाखवले. वाईट औषधाने मेलेल्या माणसाचे नाव वर्तमानपत्रात येते, उशिरा आलेल्या औषधावाचून मेलेल्याचे येत नाही. एड्सच्या रुग्णांनी १९८८ मध्ये औषध प्रशासनाच्या मुख्यालयासमोर निदर्शने केली, तेव्हा औषधावाचून मरणाऱ्यांची ही दुसरी यादी प्रथमच डोळ्यांना दिसली.

हित आणि अहित यांचा रीतसर जमाखर्च मांडण्याची सक्ती अमेरिकेत १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या आदेशाने झाली, आणि तिचा हेतू नियम कमी करणे हाच होता. तिची एक गाजलेली परीक्षा नेमकी उलटी ठरली. पेट्रोलमधील शिशाची मर्यादा सैल करण्याचा विचार सुरू असताना हिशेब केला गेला, तेव्हा शिसे काढण्याचा खर्च लाभाच्या मानाने फारच थोडा निघाला आणि १९८५ मध्ये मर्यादा उलट अधिक कडक झाली. शिशाच्या धोक्याचा इशारा नवा नव्हता. असे पेट्रोल बनवताना कामगार मरण पावल्यावर १९२५ मध्ये अमेरिकेत त्यावर सरकारी परिषद भरली होती, आणि बंदी घालण्यास पुरेसे कारण नाही असा निष्कर्ष त्यानंतरच्या समितीने काढला होता. मोटारींसाठीच्या अशा पेट्रोलची जगातील शेवटची विक्री अल्जीरियात २०२१ मध्ये थांबली.