बघत राहिलं की अणू जागचा हलत नाही? क्वांटम झेनोची पार्श्वभूमी

दूध गॅसवर ठेवून समोर उभं राहिलं की ते वर येतच नाही आणि जरा फोन घ्यायला वळलं की गेलंच उतू. दुधाचं सोडा, तो आपला भास, पण अणूंचं असं खरंच होतं आणि त्याला क्वांटम झेनो इफेक्ट म्हणतात.

नाव पडलं १९७७ मध्ये. भौतिकशास्त्रज्ञ सुदर्शन (मूळ केरळचे, तरुणपणी मुंबईत टीआयएफआरला, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते) आणि बैद्यनाथ मिश्रा या दोघांनी पेपर लिहिला की अस्थिर कण सतत तपासत राहिलात तर तो फुटणारच नाही. बाण प्रत्येक क्षणी जागच्या जागी असतो, मग उडतो कधी, असं विचारणारा ग्रीक झेनो, त्याचं नाव त्यांनी उचललं. कल्पना मात्र त्याआधीची, ट्युरिंगच्या (हो, तोच, कॉम्प्युटरवाला) डोक्यात ती १९५४ लाच होती.

आता गंमत कुठेय तर सुरुवातीच्या क्षणांत. अवस्था बदलायची शक्यता तिथे वेळेच्या वर्गानं वाढते, म्हणजे वेळ दहावा हिस्सा केला की शक्यता होते शंभरावा हिस्सा, आणि प्रत्येक मोजणीला मीटर परत शून्यावर येतो, त्यामुळे दहा वेळा मोजूनही एकूण शक्यता आधीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच राहते. आणि 'बघणं' म्हणजे डोळ्यांनी नाही हां, लेझरचा प्रकाश अणूवर आपटला की झाली मोजणी, माणूस खोलीत नसला तरी चालतं.

१९९० मध्ये अमेरिकेत बोल्डरला इटानो, वाइनलँड वगैरेंनी हे करून दाखवलं. बेरिलियमचे साधारण ५००० आयन (विद्युतभार असलेले अणू), २५६ मिलिसेकंदांत रेडिओ लहरींनी सगळे ऊर्जेच्या एका पातळीवरून दुसरीवर जातात, मध्ये लेझरचे झटके द्यायचे. गणितानं ४ झटक्यांना ३७.५ टक्केच जायला हवेत, ६४ ना चारपेक्षाही कमी, आणि आकडे तसेच घसरत गेले. लगेच वाद, की हे मोजणीमुळे कशावरून, लेझरनंच अणू डिस्टर्ब केला असेल, शिवाय इथे काही आपोआप फुटत नव्हतं, तुम्हीच ढकलत होतात. मला हा दुसरा आक्षेप जास्त पटतो.

त्याचं उत्तर यायला २००१ उजाडलं. भौतिकशास्त्रज्ञ मार्क रेझनच्या ग्रुपनं लेझर प्रकाशाच्या जाळीतून आपणहून निसटणारे सोडियम अणू घेतले, भराभर मोजल्यावर निसटणं मंदावलं, पण मोजण्यांमधलं अंतर थोडं वाढवल्यावर उलट वेग वाढला, त्याला अँटी-झेनो म्हणतात. हा प्रयोग झाला टेक्सासला ऑस्टिनमध्ये, म्हणजे सुदर्शन ज्या युनिव्हर्सिटीत शिकवायचे तिथेच.