ब्लेझ हॅम्लेट : कुटिरांचे आराखडे

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळच्या हेन्बरी गावी ब्लेझ कॅसल ही जुनी जमीनदारी आहे. तिच्या हद्दीत वास्तुकार जॉन नॅश याने १८११च्या सुमारास नऊ कुटिरांची वस्ती रचली, ती ब्लेझ हॅम्लेट. मालक जॉन स्कँड्रेट हारफर्ड हा क्वेकर पंथाचा बँकर होता. चाकरीतून मोकळ्या झालेल्या वृद्ध नोकरांच्या निवाऱ्यासाठी त्याने ही घरे बांधवली.

या जमिनीवरचे कुटीर कागदावर उतरले ते त्याच्याही आधी. उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन याने १७९५-९६मध्ये हारफर्डसाठी आपली प्रसिद्ध ‘रेड बुक’ वही तयार केली. तिच्यातल्या जलरंगी चित्रांवर कागदाची झडप असे. झडप मिटलेली असताना जागा आहे तशी दिसे, उचलली की रेप्टनच्या मनातली. वाड्यातून दिसणाऱ्या रानात त्याने लाकूडतोड्याचे घर योजले आणि त्याच्या धुराड्यातला धूर देखाव्यात हालचाल आणील, असे कारण दिले. घरात राहणाऱ्याच्या चुलीचा असा हिशेब क्वचितच कुणी मांडला असेल!

रेप्टनचा मुलगा जॉर्ज पुढे नॅशच्या कचेरीत आराखडे काढू लागला. त्याच्या वह्या टिकून आहेत आणि त्यांत कुटिरांची बरीच चित्रे सापडतात. हॅम्लेटच्या घरांचे प्लॅन, म्हणजे खोल्यांची मांडणी, साधेच आहेत : तळाला मोजक्या खोल्या, वर निजायची जागा. नॅशने सगळी करामत केली ती एलेव्हेशनमध्ये, म्हणजे घराच्या बाहेरून दिसणाऱ्या रूपात. कुठे गवताने शाकारलेले छप्पर, कुठे दगडी कौले; एकाला पडवी, दुसऱ्याला माळ्याची खिडकी. एकही घर दुसऱ्यासारखे नाही. भिंती ओबडधोबड दगडाच्या, पण विटांची उंच धुराडी मात्र चांगलीच नटवलेली आहेत. हिरवळीवरचा पंप आणि त्यावरचे सूर्यघड्याळ मुद्दाम मध्यबिंदू सोडून बसवले आहे. गाव आपोआप वाढत गेल्याचा हा भास कागदावर काटेकोरपणे आखलेला होता. नॅशने तोच मार्ग १८२०च्या दशकात लंडनच्या रीजंट्स पार्कलगत ‘पार्क व्हिलेज’मध्ये श्रीमंतांसाठी वापरला.

१९४३पासून हॅम्लेट नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. घरांत वस्ती असल्याने ती हिरवळीवरूनच पाहावी लागतात.