मत्स्यरोगकारक जीवाणूंच्या जनुकसंचांची तुलना

एकाच जातीच्या जीवाणूचा एक वाण तळ्यात निरुपद्रवी राहतो, दुसरा मरतूक घडवतो. हा फरक शोधण्यासाठी वाणांचे संपूर्ण जनुकसंच ताडून पाहण्याची पद्धत. एरोमोनास हायड्रोफिला हा गोड्या पाण्यातला जीवाणू तिचे बोलके उदाहरण.

२००९ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम अलाबामात कॅटफिशच्या तळ्यांत या जीवाणूची मोठी साथ आली. तुलनेसाठी वापरला जाणारा प्रमाण वाण एटीसीसी ७९६६ हा मासळीचा वास येणाऱ्या दुधाच्या डब्यातून मिळालेला. त्याचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला जनुकसंच सुमारे ४७.४ लाख आधारजोड्यांचा (डीएनएच्या अक्षरजोड्यांचा) आहे. साथीतील एमएल०९-११९ वाणाचा सुमारे ५०.२ लाखांचा भरला. साथीच्या वाणांत मायो-इनोसिटॉल (साखरेसारखे एक संयुग) पचवणारा जनुकगट सापडला, जो प्रमाण वाणात नाही. चीनमधील कार्प माशांना मारणारे वाणही साथीच्या वाणांच्याच एसटी२५१ या वंशगटातले निघाले आणि साथीचे मूळ आशियात असल्याचा निष्कर्ष निघाला. या तुलनेतून प्रयोगशाळांना सोपी चाचणीही मिळाली : मायो-इनोसिटॉल हाच एकमेव कार्बनस्रोत असलेल्या माध्यमावर जीवाणू वाढला, तर साथीच्या वाणाचा दाट संशय घ्यावा.

अशी तुलना करताना नमुना नुकत्याच मेलेल्या किंवा मरणासन्न माशाच्या मूत्रपिंडातून घ्यावा आणि एकच वसाहत (एका पेशीपासून वाढलेला ठिपका) माध्यमावर दोनदा रेघून शुद्ध करावी. संवर्धन मिश्र राहिले तर पुढचे सगळे वाया जाते. डीएनएचा क्रम वाचताना प्रत्येक आधारजोडी सरासरी ५० ते १०० वेळा वाचली जावी. वाचलेल्या तुकड्यांच्या जुळणीनंतर जनुकसंचाची पूर्णता ९५ टक्क्यांहून जास्त व इतर जीवाणूंची भेसळ ५ टक्क्यांहून कमी आहे ना, ते तपासावे. मग जातीची खात्री. एरोमोनासमध्ये जीवाणू ओळखण्यासाठी नेहमी वापरले जाणारे १६एस जनुक जवळच्या जाती नीट वेगळ्या करत नाही. दोन जनुकसंचांतील डीएनए-अक्षरांचे सरासरी साम्य (सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य) ९५-९६ टक्क्यांच्या वर असेल तरच जात एक मानतात.

सगळ्या जनुकसंचांवर जनुकांची नोंद एकाच आज्ञावलीने (संगणक-प्रोग्रामने) करावी, नाहीतर आज्ञावल्यांमधला फरक वाणांमधला फरक भासतो. वाणांचा वंशवृक्ष काढण्यापूर्वी पुनःसंयोजनाने, म्हणजे दुसऱ्या जीवाणूकडून येऊन मिसळलेले डीएनएचे तुकडे वगळावेत. असा आडव्या मार्गाने (वारशाने नव्हे) आलेला एकच तुकडा शेकडो बदल दाखवून फांद्या खोट्या लांबवतो.

सर्वाधिक फसगत ‘नसलेल्या’ जनुकांबाबत होते. आखूड वाचनांची जुळणी पुनरावृत्त भागांवर तुटते आणि तिथले जनुक हरवल्यासारखे दिसते. लांब वाचने किंवा पीसीआर (ठरावीक डीएनए तुकडा शोधण्याची चाचणी) केल्याशिवाय ‘नाही’ लिहू नये. एरोलायसिनसारख्या विषांची जनुके निरुपद्रवी वाणांतही आढळतात, म्हणून जनुकांची यादी म्हणजे रोगाचे कारण नव्हे. संशयित जनुक काढून टाकलेला वाण आणि मूळ वाण सारख्याच मात्रेत माशांना टोचून मरतूक मोजावी लागते.