अझुलेजु: हाताने रंगवलेल्या पोर्तुगीज टाइल्स घेण्याआधी आणि बसवताना

पोर्तुगीज निळ्या-पांढऱ्या टाइलला अझुलेजु म्हणतात. ‘अझुल’ म्हणजे निळा, त्यावरून हे नाव पडलं असं सर्रास सांगितलं जातं, पण ते चूक आहे. शब्द अरबी ‘अझ-झुलैज’वरून आला, अर्थ घासून गुळगुळीत केलेला दगड. निळ्याचं राज्य सतराव्या शतकाच्या अखेरीस, डच टाइल्सच्या प्रभावाने सुरू झालं. त्याआधीच्या भिंतींवर पिवळाही भरपूर दिसतो.

पोर्टोच्या सांव बेंतु रेल्वे स्थानकात अशा सुमारे 20,000 टाइल्स आहेत. त्या रंगवणाऱ्या जोर्ज कोलासूंचंच काम पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात आहे, 1935 सालचं. ऑर्डर देण्याआधी ते एकदा जवळून पाहा. ब्रश कुठे पातळ फिरला, कुठे दाबला हे फोटोत कळत नाही.

टाइल कशी बनते

मातीची टाइल आधी कोरी भाजतात. याला बिस्किट म्हणतात. मग तिच्यावर पांढऱ्या ग्लेझचा, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाचा, थर चढतो. हा पांढरेपणा येतो कथिलाच्या ऑक्साईडमुळे. भांड्यांना कल्हई करतात तेच हे कथील. ग्लेझ वाळलं की पिठासारखं भुसभुशीत होतं आणि चित्र त्याच्यावरच काढायचं असतं. ब्रश टेकला की रंग लगेच शोषला जातो, खोडायची सोय नाही. आराखडा उतरवायला टोचे मारलेला कागद ठेवून वरून कोळशाची पूड थोपटतात, अगदी रांगोळीच्या छापासारखी. ती पूड भट्टीत जळून जाते.

कोबाल्ट ऑक्साईड लावताना काळपट दिसतं, निळा उमटतो तो दुसऱ्या भाजणीत, साधारण 1000 अंश सेल्सियसला. थर जाड झाला तर निळ्याऐवजी काळा डाग येतो, आच जास्त झाली तर रेघ पसरते. बिस्किटावर तेलकट बोट लागलं असेल तर तिथून ग्लेझ मागे सरकतं आणि माती उघडी पडते. अशी टाइल आम्ही देत नाही. निळ्याच्या छटेत थोडा फरक मात्र राहणारच. तो नको असेल तर छापील टाइल घ्या, स्वस्तही पडेल.

घराच्या नावाची पाटी

आमची टाइल पारंपरिक मापाची, 14 × 14 सें.मी. सहा टाइल्सची (3 × 2) पाटी 2 मि.मी. सांधे धरून 42.4 × 28.2 सें.मी. भरते. देवनागरीत खरी अडचण शिरोरेखेची आहे. रोमन अक्षरं सुटी असतात; आपली रेघ सांधा ओलांडून जाते आणि टाइल 1 मि.मी. खाली-वर बसली तरी ती तुटलेली दिसते. म्हणून नावाची मांडणी करताना सांधा दोन अक्षरांच्या मधे येईल असं बघतो. काना किंवा वेलांटी सांध्यावर आली तर अक्षरांचा आकार थोडा कमी-जास्त करावा लागतो. कच्चं रेखाटन मंजूर करताना हेच आधी तपासा.

प्रत्येक टाइलमागे ओळीचं अक्षर आणि जागेचा आकडा लिहिलेला असतो. गवंड्याला भिंतीवर हात लावण्याआधी सगळ्या टाइल्स जमिनीवर क्रमाने मांडायला सांगा.

बसवताना

टाइल खराब होते ती बहुतेक वेळा मागून. माती सच्छिद्र असल्याने भिंतीतली ओल आत शिरते, सोबत क्षार आणते. पाणी उडून जातं, क्षाराचे खडे ग्लेझमागे वाढतात आणि ग्लेझचे पापुद्रे सुटतात. कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या भिंती पावसाळाभर ओल धरतात, त्यामुळे काम डिसेंबर ते एप्रिलमध्येच करा. नवा गिलावा किमान 28 दिवस मुरू द्या. खाडीची रेती अजिबात नको, तिच्यात मीठ असतं.

सिमेंटच्या मसाल्यात बसवणार असाल तर टाइल्स आधी पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. कोरडी टाइल मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि पकड बसत नाही. सहा महिन्यांनी ठोकून पाहिलं तर पोकळ आवाज येतो. टाइल-ॲडहेसिव्ह वापरत असाल तर मात्र बुडवू नका, मागची धूळ ओल्या फडक्याने पुसली की पुरे. ॲडहेसिव्हचे चार गोळे चार कोपऱ्यांत ही पद्धत नको, मागे पोकळी राहते आणि तिथे पाणी साचतं. जुन्या चुन्याच्या भिंतीवर चुन्याचाच मसाला (1 भाग चुना, 3 भाग रेती) धरा. कडक सिमेंट ओल आतच कोंडतं. पोर्तुगालमधल्या जुन्या दर्शनी भिंतींचं दुरुस्तीत असंच नुकसान झालेलं आहे.

24 तासांनी सांध्यांत पांढरं ग्राऊट (सांधे भरायचा मसाला) भरा. रंगीत ग्राऊट नको, ग्लेझच्या बारीक भेगांत रंग उतरला की निघत नाही. पाटी उघड्यावर असेल तर वरच्या कडेवर छोटं छज्ज्यासारखं काहीतरी हवंच.

पुसायला मऊ फडकं, पाणी आणि सौम्य साबण. ॲसिड किंवा बाथरूम क्लीनर लावू नका, चकाकी जाते.

नक्षीच्या टाइल्स घेताना 5 टक्के जास्त घ्या. पाटीचा टोचलेला कागद आम्ही जपून ठेवतो, त्यामुळे एखादी टाइल फुटली तर तीच रेघ पुन्हा मिळते. निळा मात्र दुसऱ्या भट्टीचा असेल, शेजारच्या टाइलशी तो हुबेहूब जुळणार नाही.