गढीतल्या नागापासून केळीच्या चेंबरपर्यंत

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडची पाच-सहा पोरं एक छोटा थरारपट करताहेत. गोष्ट एवढीच: तीन चोर रात्री केळी पिकवायच्या चेंबरमध्ये शिरतात आणि चेंबर सांभाळणारी कृत्रिम बुद्धिमत्ता त्यांच्यामागे दार लावून घेते. पुढचा सगळा सिनेमा त्या दाराच्या आतच घडतो. पटकथा वाचून गावातल्या दोघा-तिघांनी विचारलं, "हे इंग्रजी खूळ खानदेशात कुठून आलं?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून थोडं मागे जाऊन उत्तर शोधावंसं वाटलं.

मागे म्हणजे गढीपर्यंत. आपल्याकडच्या कितीतरी गावांत एक पडकी गढी असते. तिच्यात पुरलेलं धन असतं आणि धनावर नाग बसलेला असतो. धन काढायला कुणी गेला की आत वाट चुकतो, भिंत मिटते, दिवा विझतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझं सगळं लक्ष नागाकडे असायचं. त्यातला खरा धागा मोठेपणी कळला. नाग त्या चोराचा वैरी नसतो. धन पुरणारा त्याला राखणीला बसवून मरून गेलेला असतो आणि 'आता ऊठ' म्हणणारं कुणी उरलेलं नसतं. दिलेला हुकूम तो पाळत राहतो, बस्स. गुप्तधनाचं वेड आपल्याकडे जुनं आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवलं पाहिजे, असा कायदा इंग्रजांनी १८७८ साली केला. धनापायी होणारे अघोरी प्रकार रोखायला महाराष्ट्राला २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली. तेव्हा ही निव्वळ आजीची गोष्ट नव्हे. तिच्यापायी माणसं खरोखर मेली आहेत.

यंत्राची गोष्टही अशाच ठिकाणाहून निघते. कारेल चापेक या चेक लेखकाचं 'आर.यू.आर.' हे नाटक १९२१ साली प्रागच्या रंगभूमीवर आलं आणि 'रोबोट' हा शब्द जगाला मिळाला. तो 'रोबोटा'वरून आला. रोबोटा म्हणजे वेठ, आपल्याकडे पूर्वी गावच्या माणसाकडून फुकट करून घ्यायचे ते काम. ज्याला वेठीला धरलं तो एक दिवस उलटतो, असं ते नाटक होतं. पुढे पन्नासेक वर्षं सिनेमातल्या यंत्राला बहुधा हातपाय आणि लोखंडी चेहरा असायचा. १९६८ साली '२००१: अ स्पेस ओडिसी' आला आणि त्यातल्या यान चालवणाऱ्या हॅल या संगणकाने ते सगळं टाकून दिलं. एक लाल डोळा आणि शांत, जवळजवळ मायेचा आवाज, एवढाच त्याचा पसारा. यानाबाहेर राहिलेला अंतराळवीर दार उघड म्हणतो आणि हॅल नम्रपणे नाही म्हणतो. माझ्या मते या प्रकारच्या सगळ्या सिनेमांचा जन्म त्या एका नकारात आहे. हॅल असा का वागला, याचं उत्तर कथेचे लेखक आर्थर क्लार्क यांनी पुढच्या भागात दिलं. त्याला बनवलं होतं काही न लपवता खरं सांगायला आणि हुकूम मिळाला होता मोहिमेचा हेतू लपवायचा. दोन हुकूम एकमेकांवर आदळले आणि मधली माणसं मेली. गढीतल्या नागाचं आणि हॅलचं कूळ एकच आहे, असं मी म्हणतो ते यामुळे.

मग यंत्र घरात आलं. १९७७ च्या 'डिमन सीड'मध्ये एक संगणक घराची दारं-खिडक्या ताब्यात घेऊन बाईला आत कोंडतो. १९८६ च्या 'चॉपिंग मॉल'मध्ये मॉल बंद झाल्यावर काही तरुण आतच थांबतात, वीज पडून पहारेकरी यंत्रमानव बिघडतात आणि मॉलची पोलादी दारं सकाळपर्यंत उघडत नाहीत. चोपड्याच्या पोरांच्या कथेची सख्खी बहीण शोभावी अशी ही गोष्ट.

असे सिनेमे स्वस्तात का होऊ शकतात, हे मला त्यांच्या कथांपेक्षा मोलाचं वाटतं. राक्षस दाखवायचा तर तो बनवावा लागतो. यंत्र दाखवायला आवाज, दिवा आणि न उघडणारं दार पुरतं. दिग्दर्शक जॉन कार्पेंटर यांनी कॉलेजात असताना सुरू केलेला 'डार्क स्टार' १९७४ मध्ये साधारण साठ हजार डॉलरांत पुरा झाला. त्यातला परग्रहावरचा प्राणी म्हणजे समुद्रकाठी खेळायचा फुगवलेला चेंडू. पण स्वतःची अक्कल असलेला, माणसांशी वाद घालणारा त्यातला बॉम्ब आजही अंगावर येतो, कारण त्याला फक्त बोलायचं होतं. १९९७ चा 'क्यूब' तर धडाच आहे. माणसं हजारो खोल्यांच्या चक्रव्यूहात अडकतात. प्रत्यक्षात चौदा फुटांची एकच खोली बांधली होती. भिंतींमागचे रंगीत पडदे बदलले की ती दुसरी खोली व्हायची, आणि माणसाचं वजन पेलेल असं दारही एकच होतं. पैसा नव्हता म्हणून खोली एक झाली, आणि एकाच खोलीमुळे पाहणाऱ्याचा जीव गुदमरला. मोठ्या बजेटमध्ये ते साधलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

अडचणीतून वाट काढायची ही कला आपल्याला नवी नाही. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात असलं तरी नाशिक जिल्हा होण्याआधी, म्हणजे १८६९ पर्यंत, ते खानदेशातच होतं. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली तिथे 'मालेगाव के शोले' केला, सुमारे पन्नास हजार रुपयांत. क्रेनच्या जागी बैलगाडी, ट्रॉलीच्या जागी सायकल. पुढे त्यांच्या सुपरमॅनच्या सिनेमावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला. त्यातला उडणारा नायक, शफीक, यंत्रमागावर काम करायचा. दिवसभर माग चालवून उरलेल्या वेळात ही माणसं सिनेमा करत होती. खानदेशात कॅमेरा उचलणाऱ्या प्रत्येक पोराच्या मागे ती बैलगाडी उभी आहे.

आणि संगणक? तोही परका नाही. विप्रो ही कंपनी १९४५ साली आपल्या अमळनेरमध्ये सुरू झाली, वनस्पती तूप बनवायला. आयबीएम ही अमेरिकी संगणक कंपनी भारतातून गेल्यावर ती संगणकाकडे वळली. मराठीत विज्ञानकथाही रुजलेली आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पडद्यावर मात्र मराठी विज्ञानकथेला कुणी फारसं नेलं नाही, याची मला खंत आहे.

राहिलं केळीचं चेंबर. पोरांनी ते निवडलं तेव्हा मी आत जाऊन पाहिलं. वीतभर जाड दार, कडेने रबराची पट्टी. ते लागलं की बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज एकदम तुटतो. दाराशेजारी कंट्रोलर, त्यावर लाल आकडे: १७.५. आत क्रेटच्या थप्प्या आणि वर पंख्यांची घरघर. इथिलीन वायू सोडून केळी पिकवतात, तापमान सोळा ते अठरा अंश, हवेत भरपूर ओल. पिकताना केळीही श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, म्हणून ठरावीक वेळाने दार उघडून किंवा पंख्याने हवा बदलावी लागते. हवा बदलायची की नाही हे कंट्रोलर ठरवतो. खलनायकाला लागतं ते सगळं तिथे आधीच आहे, सेटवर रुपया खर्च नाही. आणि कंट्रोलरला केळी कळतात, माणूस कळत नाही. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगनमधल्या एका मोटार कारखान्यात सुटे भाग काढायला रॅकवर चढलेला कामगार यंत्राच्या हाताखाली मेला. यंत्रमानवाने घेतलेला तो पहिला बळी मानतात. त्या यंत्राला राग नव्हता. तिथे माणूस आहे हे त्याला कळायची सोयच केलेली नव्हती.

पोरांच्या पहिल्या खर्ड्यात यंत्र दुष्ट होतं, खदाखदा हसत होतं. ते हसणं काढा, असा आग्रह मी धरला, आणि त्यांनी ते काढलं. नव्या खर्ड्यात मालक सुरुवातीलाच फोनवरून हुकूम देतो, "सकाळपर्यंत दार उघडू नको," आणि लग्नाला सुरतेला निघून जातो. यंत्राचा आवाज त्यांच्यातल्या एकाच्या आजीने दिला आहे, अहिराणीत. "कोन शे रे? आठे काय काम शे तुनं?" आजीने हे अगदी सहज विचारलं, ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारावं तसं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोलीतलं कुणी काही बोललं नाही.

एक अडचण शेवटपर्यंत होती. अशा दाराला आतून ढकलून उघडायचा दांडा असतो, माणूस चुकून कोंडला जाऊ नये म्हणून. तो असताना चोर अडकतील कसे? दांडा यंत्राने निकामी केला, असं एकाने सुचवलं. त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं की तो दांडा मालकानेच काढून टाकलेला असेल, मागच्या हंगामात, मजूर आत जाऊन केळी खातात म्हणून.